56 व्या वर्षी पेन्शन घ्यावी की 58 पर्यंत थांबावे?

प्रश्न : सूतगिरणीत सप्टेंबर 2005 ते ऑगस्ट 2023 अशी 18 वर्षे नोकरी केली. पगार 15 हजारांच्या वर होता. आता 56 पूर्ण झाली, हाताला काम नाही. ईपीएस-95 ची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन आताच घेतली तर किती कापतील? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी पूर्ण पेन्शन किती बसते ते पाहू. सगळी 18 वर्षे 15 हजारांवर मोजू नका, तिथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ऑगस्ट 2014 पर्यंतच्या सेवेला पगाराची 6,500 रुपयांची मर्यादा लागते, त्यानंतरच्या सेवेला 15,000 ची. पेन्शनचे सूत्र असे : हा पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले 70. तुमची दोन्हीकडे 9-9 वर्षे आहेत. 6,500 गुणिले 9 भागिले 70 म्हणजे 836 आणि 15,000 गुणिले 9 भागिले 70 म्हणजे 1,929. एकूण साधारण 2,765 रुपये, तेही 58 व्या वर्षी.

पन्नाशीनंतर पेन्शन आधी घेता येते, पण 58 ला जितकी वर्षे कमी तितक्या वर्षांचे दरसाल 4 टक्के कापले जातात. तुमचे महिन्याला सुमारे 220 रुपये जातील, आणि ते कायमचे. 58 झाल्यावर रक्कम पूर्ववत होत नाही. पत्नीला पुढे निम्मी पेन्शन मिळते, तीही कापलेल्या रकमेच्या निम्मी.

तरीही कपातीला घाबरून कर्ज काढू नका. 58 पर्यंतच्या दोन वर्षांत जवळपास 61 हजार हाती येतात आणि पुढे महिन्याला 220 रुपयांच्या तोट्याने ते फिटायला 23 वर्षे लागतात, म्हणजे तुम्ही 81 चे होईपर्यंत. या पेन्शनला महागाई भत्ता नसल्याने हा फरक वाढतही नाही.

मात्र पीएफ कापणारी नोकरी मिळण्याची थोडी जरी आशा असेल, तर अर्ज करू नका. आणखी दोन वर्षे भरली की 429 रुपयांची भर पडेलच, शिवाय 20 वर्षे पूर्ण झाल्याने 2 वर्षांची जादा सेवा धरली जाईल. एकदा पेन्शन सुरू झाली की नव्या नोकरीतून पेन्शन खात्यात काही जमा होत नाही. तोवर फॉर्म 10-सी भरून योजना प्रमाणपत्र (झालेल्या सेवेची नोंद असलेला दाखला) घेऊन ठेवा.

घ्यायचीच ठरली तर फॉर्म 10-डी भरा. त्याआधी पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, ते पाहा. अर्ज बहुधा याच दोन ठिकाणी अडकतात.