फायलींना लागलेले कुलूप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी निवडलेल्या सहा पत्रांपैकी चार पत्रे रॅन्समवेअरविषयी, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमविषयी आहेत. उरलेल्या दोन पत्रांतील अडचण वेगळी असली तरी लिहिणाऱ्यांची घबराट तीच आहे, म्हणून तीही येथेच घेतली आहेत.

प्रश्न : घरच्या संगणकावरील सर्व फोटोंच्या नावापुढे चार अक्षरांचे अनोळखी शेपूट लागले असून एकही फोटो उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी आहे. तीत ९८० डॉलर मागितले आहेत आणि ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्म्या रकमेत काम होईल असे लिहिले आहे. मुलाने आदल्या रात्री फोटो सजवण्याचे एक महागडे सॉफ्टवेअर फुकटात डाउनलोड केले होते. दुरुस्तीवाला संगणक फॉरमॅट करायला सांगतो. — वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी दुरुस्तीवाल्याला थांबवा, त्याचा हा इलाज रोगापेक्षा भयंकर आहे. आपण वर्णिलेली चिठ्ठी, ती रक्कम आणि ती ‘सवलत’ या तिन्ही खुणा ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रॅन्समवेअरच्या कुळाकडे बोट दाखवतात. कंपन्या आणि रुग्णालये हेरणाऱ्या टोळ्यांहून हे कूळ निराळे आहे. त्याचे भक्ष्य म्हणजे घरगुती वापरकर्ता, आणि त्याची मुख्य वाट म्हणजे विकतची सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणारे ‘क्रॅक’ व ‘किजेन’. क्रॅक चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना बहुधा त्यासोबतच दिलेली असते आणि एरवी कोणतीही सूचना न वाचणारे आपण तेवढी मात्र इमानेइतबारे पाळतो. पुढे फायलींना कुलूप लागत असताना पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवली जाते, त्यामुळे संगणक मंदावला तरी कोणाला संशय येत नाही.

आता इंटरनेट तोडा आणि जोडलेली प्रत्येक बाहेरची डिस्क व पेनड्राइव्ह काढून घ्या. डोळ्यांदेखत फायलींची नावे अजून बदलत असतील तर संगणक तात्काळ बंद करा, कारण वाचलेली प्रत्येक फाइल ही कमाई आहे. काम आटोपलेले असेल तर घाई नको. कुलूप लागलेल्या सर्व फायली आणि ती चिठ्ठी एका रिकाम्या डिस्कवर उतरवून ठेवा. चिठ्ठीच्या शेवटी आपला जो ‘पर्सनल आयडी’ दिलेला असतो, तो पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगायला हवे. आधुनिक रॅन्समवेअर दाबताक्षणी बसणाऱ्या कुलपासारखे असते : ते लावायला किल्ली लागत नाही, उघडायला मात्र लागते, आणि ती किल्ली आपल्या संगणकावर नसतेच. डीजेव्हीयू सुरू होताच गुन्हेगारांच्या सर्व्हरकडून प्रत्येक संगणकासाठी वेगळे कुलूप मागवतो. सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर तो स्वतःसोबत आणलेले एकच ठरावीक कुलूप वापरतो, आणि हे कुलूप त्या उपप्रकाराच्या सर्व बळींसाठी सारखेच असते. त्यांपैकी एकाची किल्ली मिळाली की ती साऱ्यांना चालते. आपल्या आयडीच्या शेवटी ‘टी’ हे इंग्रजी अक्षर आणि १ हा आकडा असेल तर आपण या दुसऱ्या, भाग्यवान गटात आहात. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या कुळासाठी मोफत उलगडक, म्हणजे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम, प्रसिद्ध केला. ऑगस्ट २०१९ पूर्वीच्या बहुतेक उपप्रकारांवर आणि त्यानंतरच्या ठरावीक कुलपांपैकी ज्यांच्या किल्ल्या हाती आल्या त्यांच्यावर तो चालतो. वेगळे कुलूप लागले असेल तर आज तरी तो उपयोगी पडणार नाही, आणि ‘आम्ही हमखास उघडून देतो’ असे सांगणारा कोणी भेटल्यास तो बहुधा गुन्हेगारांनाच पैसे देऊन मधले कमिशन घेणारा असतो.

तरीही सर्व गेले असे समजू नका. वेग साधण्यासाठी डीजेव्हीयू प्रत्येक फाइलचे केवळ पहिले सुमारे १५० किलोबाइट कुलूपबंद करतो. त्यामुळे मोठ्या झिप फायलीतील सुरुवातीचा ऐवज सोडून बाकीचा अनेकदा बाहेर काढता येतो, आणि लग्नाच्या लांबलचक चित्रीकरणाचा बराचसा भाग त्याच कॅमेऱ्यातील एखादी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन दुरुस्त करता येतो. लहान फोटो आणि वर्डच्या फायली मात्र या तडाख्यात जवळजवळ पूर्ण सापडतात.

एक गोष्ट दुरुस्तीवाले सांगत नाहीत. या कुळासोबत बरेचदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही येतो. म्हणून ईमेल, बँक आणि ब्राउझरमध्ये साठवलेले इतर सर्व पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून आजच बदला. डिस्कवरील प्रत हाती आल्यानंतर आणि ती उघडून पाहिल्यानंतरच विंडोज नव्याने बसवा.

प्रश्न : माझे मेहुणे अमेरिकेत आहेत, ते बिटकॉइनने खंडणीचे पैसे भरायला तयार आहेत. भरावेत का? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : माझे मत स्पष्टपणे नको असे आहे. निर्णय अर्थात आपला आहे, पण पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी कोणीही देऊ शकत नाही. शिवाय वाट पाहण्याला कधी कधी फळ येते. टेस्लाक्रिप्ट नावाचे रॅन्समवेअर चालवणाऱ्यांनी मे २०१६ मध्ये आपला धंदा गुंडाळला आणि एका संशोधकाने सहज मागितली म्हणून सर्वांची मुख्य किल्ली माफीच्या एका ओळीसह जाहीर केली. शेड नावाच्या टोळीने एप्रिल २०२० मध्ये सुमारे साडेसात लाख किल्ल्या खुल्या केल्या. ज्यांनी कुलूपबंद फायली जपून ठेवल्या होत्या त्यांनाच त्यांचा उपयोग झाला.

डच पोलीस, युरोपोल, कॅस्परस्की आणि इंटेल सिक्युरिटी यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर असे उलगडक मोफत मिळतात. कुलूप लागलेली एक फाइल आणि चिठ्ठी तेथे दिली की कोणते कूळ आहे याचा शोधही लावता येतो. तेथे दर काही महिन्यांनी एक फेरी मारा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवून ठेवा. तिने फायली परत येणार नाहीत, पण घटनेची नोंद राहील.

प्रश्न : मी दर आठवड्याला बॅकअप घेत होतो. तरीही बॅकअपची हार्ड डिस्कसुद्धा कुलूपबंद झाली. मग बॅकअपचा उपयोग काय? — निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : आपली डिस्क संगणकाला कायम जोडलेली होती, असे पत्रातील पुढच्या मजकुरावरून दिसते. संगणकाला जी डिस्क दिसते ती रॅन्समवेअरलाही दिसते. त्याच्या लेखी ती बॅकअप नसून आणखी एक फोल्डर असते. विंडोज स्वतःहून ठेवते त्या जुन्या आवृत्त्यांनाही हे प्रोग्रॅम एका आज्ञेने पुसून टाकतात. मात्र ही आज्ञा कधी कधी अयशस्वी होते, म्हणून फायलीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ हा भाग एकदा उघडून पाहायला हरकत नाही.

यापुढे एकाऐवजी दोन पोर्टेबल डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी; प्रत उतरवून झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि शक्य असल्यास दोहोंपैकी एक मुलीच्या किंवा भावाच्या घरी ठेवायची, म्हणजे आग, पूर आणि चोरी यांपासूनही बचाव होतो. डिस्क जोडण्यापूर्वी संगणकावरील दोन-चार जुने फोटो उघडतात का ते पाहण्याची सवय लावून घ्या, कारण बिघडलेल्या फायली चांगल्या प्रतींवर उतरवणे हा अपघात मी अनेकदा पाहिला आहे. वर्षातून एकदा बॅकअपमधील एखादे फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. कधीच न उघडलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवणे म्हणजे दिवाळीनंतर डब्यात काय उरले ते न पाहता पाहुण्यांना फराळाला बोलावण्यासारखे आहे.

गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह असल्यास बॅकअपची गरज नाही, असा समज पसरलेला आहे. संगणकाशी जुळवलेले क्लाउड फोल्डर कुलूपबंद झालेल्या फायली निमूटपणे वर चढवते. वाचवते ती तेथील जुन्या आवृत्त्यांची सोय. ती बहुधा ३० दिवसांपुरतीच असते, म्हणून अशा वेळी प्रथम मुदतीकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : माझ्या नव्या लॅपटॉपवरून दहावीच्या प्रश्नपत्रिकांचे फोल्डर शिफ्ट-डिलीट केले गेले. रिसायकल बिनमध्ये नाही. परत मिळेल? — शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क असते, आणि एसएसडीवर पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार कमी असते. जुनी हार्ड डिस्क फाइल पुसताना अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी खोडते, पाने तशीच राहतात. एसएसडीला मात्र विंडोज ‘ही पाने आता नकोत’ असे लगेच कळवते आणि ती पाने थोड्याच वेळात खरोखर कोरी होतात. या प्रश्नपत्रिका कधी पेनड्राइव्हवरून छपाईला नेल्या असतील तर तेथे शोधा, कारण पेनड्राइव्हवर बहुधा अशी सफाई होत नाही. त्यावर एकही नवी फाइल ठेवू नका आणि रिकुव्हा किंवा फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने ती तपासा. सापडलेल्या फायली त्याच पेनड्राइव्हवर उतरवू नका. फोटोरेकमधून आलेल्या फायलींची मूळ नावे नसतात, तेव्हा एक संपूर्ण दुपार त्या उघडून पाहण्यासाठी राखून ठेवावी लागेल. ईमेलच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये आणि व्हॉट्सॲपवर सहकाऱ्यांना पाठवलेल्या प्रतीही विसरू नका.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज १० आहे. विकतचा अँटिव्हायरस पुरेसा आहे ना? — वाचक, पुणे

उत्तर : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतरची सुरक्षा अद्यतने हवी असतील तर त्यांच्या मुदतवाढीसाठी नोंदणी करावी लागते. अन्यथा संगणक विंडोज ११ ला पात्र आहे का ते पाहा. अद्यतनांना मी अँटिव्हायरसच्या वर ठेवतो. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला, तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारे अद्यतन १४ मार्चलाच येऊन दोन महिने होत आले होते. तीच फट वापरणाऱ्या नॉटपेट्या या दुसऱ्या घातक प्रोग्रॅमने जूनमध्ये आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर वापरत असाल तर ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय आहे. ती मुळात बंद असते. सुरू केल्यास अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये लिहिता येत नाही. सुरुवातीला ती एखाद्या भल्या प्रोग्रॅमलाही अडवते, त्याला यादीत घालावे लागते आणि आठवडाभर कटकट होते. ती सोसावी. मुलांना ॲडमिनिस्ट्रेटरऐवजी साधे खाते द्या आणि फायलींची एक्स्टेंशने, म्हणजे प्रकार सांगणारी नावापुढील शेपटे, दिसतील अशी मांडणी ठेवा, म्हणजे वीजबिलाच्या पीडीएफचे सोंग घेऊन आलेली ‘ईएक्सई’ फाइल, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम, नजरेस पडेल.

प्रश्न : ब्राउझरमध्ये एकाएकी ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे कर्कश आवाजासह दिसू लागले. हेही रॅन्समवेअर आहे का? — गृहिणी, सावंतवाडी

उत्तर : नाही, ते केवळ एक संकेतस्थळ आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर बंद करा आणि तो पुन्हा सुरू करताना जुनी पाने परत उघडू देऊ नका. आपल्या फायली जशाच्या तशा असतील. त्या क्रमांकावर फोन करून कोणाला संगणकाचा ताबा दिला असेल, तर इंटरनेट तोडून ताबा देण्यासाठी बसवलेला प्रोग्रॅम काढून टाका आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.