विषय काढला तर जास्त चिडवतील ना?

“मॅडम, वर्गात हा विषय काढलात तर त्याला जास्तच चिडवतील.” आई मूळची उत्तर प्रदेशातल्या जौनपूरची, मुलगा घाटकोपरमध्येच जन्मलेला, नववीतला. (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत.) वर्गात त्याचं नाव ‘भैया’. पालकांची ही भीती मी नेहमी ऐकते, आणि ती खोटी नाही. आधी मीच घोळ घातला होता. “तुला कसं वाटतं, सांग सगळ्यांना,” असं भर वर्गात विचारलं. तो बाकाकडे बघत राहिला. मधल्या सुट्टीत चिडवणं वाढलं.

मग चित्रकलेच्या तासाला जाऊन बसले. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी, यथार्थदर्शन (वस्तू डोळ्यांना दिसते तशी कागदावर काढणं) चालू होतं. सर म्हणाले, क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची उंची. अर्धी मुलं जमिनीवर बसलेली, अर्धी बाकांवर उभी, मधे एकच टेबल. खालच्यांना टेबलाचा वरचा पृष्ठभाग दिसेना, पण फळीखाली चिकटवलेलं च्युइंगगम दिसलं. वरच्यांच्या चित्रात ते नाहीच. “खोटं काढलंय!” म्हणून वाद पेटला. जागा बदलल्यावर विझला.

तिथेच मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. लांबून बघणारे तुम्हाला काय समजतात आणि त्यांना काय दिसत नाही, एवढंच लिहायचं, नाव नको. ‘कोकणातला म्हणून चिकट. डबा रोज मीच वाटतो.’ ‘चष्मा म्हणून हुशार. गणितात नापास आहे.’ एकीवर फक्त ‘घाटी’. अक्षर मी ओळखलं: ‘भैया’ म्हणून पहिली हाक मारणाऱ्याचं. काही बोलले नाही.

ज्याला ‘भैया’ म्हणतात त्याची चिठ्ठी होती, ‘पाणीपुरीची गाडी कुठे लावता, विचारतात. पप्पा लिफ्ट दुरुस्त करतात.’ ती मी वाचून दाखवली नाही. नाव नसलं तरी सगळ्यांना कळलं असतं.

म्हणून त्या आईला सांगितलं, विषय काढूच, पण तुमच्या मुलाचा म्हणून नाही. चिडवणाऱ्यांशी मात्र वर्गशिक्षिका आणि मी वेगळं, स्पष्ट बोललो. ते काम चित्राने होत नाही.

हाक अजून अधूनमधून येते, असं तो सांगतो. परवा त्याने लिफ्टचा शाफ्ट काढला, तळातून वर बघताना दिसतो तसा, चारही कडा वर एका बिंदूकडे धावणाऱ्या. शेजारच्याने विचारलं, “तू आत गेलायस कधी?” सरांनी दोनदा दटावलं तरी दोघं तास संपेपर्यंत बोलत होते.