काबूलमधल्या पत्रकार मैत्रिणीने घाईने इस्लामाबाद गाठू नये

ताई, तुमच्याबरोबर पुण्यात शिकलेली अफगाण मैत्रीण काबूलमधून टोपणनावाने बातम्या पाठवते. इस्लामाबादला जाऊन तिथून जर्मनीसाठी अर्ज करायचं तिच्या मनात आहे. ते योग्य का, असं तुम्ही विचारलंत. मी हॅम्बर्गला राहते आणि इथे आलेल्या अफगाण पत्रकार बायकांना कागदपत्रांसाठी मदत करते. माझं स्पष्ट मत आहे की कुठल्यातरी दूतावासाची तारीख मिळाल्याशिवाय तिने निघू नये. कोणी मागावर असेल तर गोष्ट वेगळी, मग आधी जीव.

जर्मनीने ऑक्टोबर २०२२मध्ये अफगाणांसाठी खास योजना सुरू केली होती. तिच्यात स्वतः अर्ज करताच येत नसे, ठरावीक संस्थाच नावं सुचवत. २०२५मध्ये आलेल्या सरकारने तीही गुंडाळली. ज्यांना जर्मनीत घेण्याची हमी मिळाली होती, त्यांच्यातल्याही काहींना पाकिस्तानने त्याच वर्षी पकडून परत पाठवलं. हमीवाल्यांची ही गत, तर नुसत्या आशेवर गेलेल्या बाईला कोण विचारणार?

युरोपात पाऊल पडलं की मात्र चित्र बदलतं. ४ ऑक्टोबर २०२४ला युरोपीय संघाच्या न्यायालयाने निकाल दिला की अफगाण बाईला आश्रय देताना ती अफगाण आहे आणि बाई आहे, एवढं पाहिलं तरी पुरे. अडचण आहे ती इथवर पोचण्याची. आश्रय मागायला आधी इथे असावं लागतं, आणि काबूलमधला जर्मन दूतावास २०२१पासून बंद आहे.

म्हणून आत्ता पुरावे जमवा. खरी गाठ इथेच आहे: टोपणनावाने ती वाचली, पण त्याच नावामुळे ती बातमी तिचीच, हे सिद्ध होत नाही. संपादकाकडून सहीचं पत्र घ्या, त्यात खरं नाव, टोपणनाव आणि कामाचा काळ असावा. जुनं ओळखपत्र, करार, पगाराच्या नोंदी तुमच्याकडे पुण्यात ठेवा आणि तिच्या फोनमधून पुसायला सांगा. चौकीवर फोन उघडायला लावतात, गॅलरी आणि चॅट चाळतात. शिवाय तालिबानच्या नियमाने बाईला ७२ किलोमीटरपलीकडे जायचं तर घरातला पुरुष सोबत लागतो, त्याचेही कागद तयार हवेत.

धमक्या तारखेनिशी लिहून काढा. 'परिस्थिती वाईट आहे' एवढ्याने अर्ज पुढे सरकत नाही. तालिबान येण्याआधीही, डिसेंबर २०२०मध्ये, जलालाबादला एनिकास टीव्हीच्या मलालाई मैवंद यांना गोळ्या घालून मारलं. मार्च २०२१मध्ये त्याच वाहिनीच्या आणखी तिघींना मारलं. तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी यांच्या दिल्लीतल्या पहिल्या पत्रकार परिषदेत बायकांना घेतलं नाही म्हणून आपण चिडलो. हिच्या वाट्याला ते रोजचंच आहे.

भारताने निर्वासितांच्या १९५१च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे पुण्यात शिक्षणाचा व्हिसा मिळाला तरी तो शिक्षणापुरताच. पण सुरक्षित जागी बसून पुढचे अर्ज करता येतील, म्हणून मी तो मार्ग आधी तपासेन. सोबत सीपीजे (कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स) आणि रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थांना लिहा, पत्रकारांसाठी त्यांची तातडीची मदत असते. दलालाला एक रुपयाही देऊ नका. संपादकाच्या पत्राचा मसुदा मला पाठवा, मी पाहून देते.