एका दिवसात आंबोलीचे किती पॉईंट होतील?

प्रश्न : ताई, आम्ही वेंगुर्ल्याचे. आम्ही दोघं, ११ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाई ७२ वर्षांच्या, गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. धबधब्याचे व्हिडिओ पाहून मुलांनी आंबोलीचा हट्ट धरलाय. जुलैतल्या एखाद्या रविवारी जावं का? आणि एका दिवसात कोणकोणते पॉईंट होतील?
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : जुलैचा रविवार नको. मोठा धबधबा घाटरस्त्याला लागूनच आहे, त्यामुळे पावसाळी सुट्टीच्या दिवशी गाड्या आणि माणसं तिथेच तुंबतात. पायाखाली निसरडं, वर धुकं. मुलीला धरायचं की सासूबाईंना, अशी तुमची ओढाताण होईल. दिवाळीच्या सुट्टीत जा. धबधब्याला पावसाळ्यातला जोर नसेल, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. पण झाडी हिरवीगार असते आणि धुकं हटलं की महादेवगडावरून खालचं कोकण दिसतं.

पॉईंट मोजू नका, बाई. बारा वर्षांपूर्वी मी आईला घेऊन गेले होते. महादेवगड, कावळेसाद, नांगरता, शेवटी हिरण्यकेशी नदीचा उगम. सगळं तिला दाखवायचंच, असा माझा हट्ट. दर ठिकाणी आम्ही धावत उतरायचो आणि ती म्हणायची, "तुमी जावा, मी हय बसतंय." हिरण्यकेशीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आता घराक जावया गो." ते पाणी तिने पाहिलंच नाही, आणि आता ती नाही. म्हणून कळकळीने सांगते, हिरण्यकेशीला सकाळी, सगळ्यात आधी जा आणि दुपारपर्यंत तिथून हलू नका.

डोंगराच्या कपारीतून पाणी येतं, तिथेच देऊळ आहे. गाडीपासून थोडं चालावं लागतं. सासूबाईंना जमेल तिथवर न्या, सोबत घडीची खुर्ची ठेवा. मुलाला सांगा, आपल्या घरापासून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर, पण हे पाणी तिकडे जात नाही. ते पूर्वेला वळतं, घटप्रभेला मिळतं, तिच्यातून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. नकाशा सोबत न्या, बोट फिरवून बघू दे.

याच पाण्यात एक छोटा मासा राहतो, तळाशी दगडांच्या आधाराने. २०२० मध्ये संशोधकांनी ती नवी जात म्हणून नोंदवली आणि नदीवरूनच तिचं नाव ठेवलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हा पाण्यात कुरमुरे, फुलं, निर्माल्य काही टाकू नका, साबणाचे हातही धुऊ नका. श्रद्धेने टाकलं तरी ते त्या माशाच्या घरातच पडतं. मुलांना पाण्याकडे नुसतं टक लावून बसायला सांगा. मासा दिसेलच असं नाही, पण मुलं बसतात, माझा अनुभव आहे.

वेळ उरला, तर एक महादेवगड. बस्स.

घरापासून सावंतवाडीमार्गे साठेक किलोमीटर आहे, साडेसहाला निघा. दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीपाशी उतरून पाय मोकळे करा, कारण पुढे घाट लागतो. मुलांना तिथे अर्धं-अर्धं घावण द्या. रिकामं पोट घाटात ढवळतं, आणि गच्च भरलेलंही. मुलीसाठी आवळासुपारी जवळ ठेवा. घाटात माकडं गाडीजवळ येतील, त्यांना काही देऊ नका. खाऊच्या आशेने ती रस्त्यावर बसतात आणि चाकाखाली येतात.

आणि सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा. घाट त्यांनाही दिसू दे.