हेडफोन घ्या, पण पॉलिसीवर कर्ज काढून नको

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत गुणवत्ता तपासणीचं काम करणाऱ्या 39 वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. हातात येणारा पगार 68 हजार, घराचा हप्ता 21 हजार, घरखर्च 38 हजार. घरी पत्नी, साडेनऊ वर्षांची मुलगी आणि 72 वर्षांची आई. गृहकर्ज 21 लाख बाकी, एफडी अडीच लाखांची. त्यांना जयपूर-अत्रौली घराण्याच्या गाण्याचं वेड आहे आणि सेनहायझरचे एचडी 800 एस हे हेडफोन घ्यायचे आहेत. दुकानदाराने हेडफोनचे 1 लाख 35 हजार आणि सोबतच्या अँप्लिफायर-डॅकचे (डिजिटल गाण्याचा आवाज करून तो वाढवणारं यंत्र) 45 हजार सांगितले. म्हणजे 1 लाख 80 हजार. प्रश्न असा: क्रेडिट कार्डावर नो-कॉस्ट ईएमआय घ्यावा, की विमा पॉलिसीवर कर्ज काढावं? पॉलिसी विकणारे पत्नीचे मामेभाऊ म्हणाले, "दाजी, तुमचेच पैसे आहेत, काढा की. दिवाळीच्या बोनसमधून फेडून टाका."

नमस्कार. तुम्ही सहा महिने हेडफोनचा अभ्यास केला, चार प्रकारचे ऐकून बघितले, वजन आणि ओहमसुद्धा लिहून पाठवलेत. पत्राच्या शेवटी मात्र दोन ओळी आहेत: "मुलीच्या शिक्षणासाठी 20 वर्षांची गॅरंटीड पॉलिसी आहे, वर्षाला एक लाख, 10 वर्षं भरायचे. टर्म इन्शुरन्स घेतला नाही, कारण त्यात पैसे परत मिळत नाहीत." टर्म म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. त्या दोन ओळी वाचून मी हेडफोन बाजूला ठेवले.

आधी पॉलिसी. दहा वर्षांत दहा लाख भरायचे, विसाव्या वर्षी 22 लाख मिळणार. दामदुपटीहून जास्त, म्हणून ऐकायला बरं वाटतं. पण तुमचा प्रत्येक लाख सरासरी साडेपंधरा वर्षं अडकून पडतो. तेवढ्या काळात एका लाखाचे दोन लाख वीस हजार होणं म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी गेले असते, तर विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाखांच्या आसपास झाले असते. सरकार पीपीएफचा दर दर तिमाहीला ठरवतं हे धरलं, तरी फरक लहान नाही. वरून चकचकीत दिसणारं कास्टिंग कापल्यावर आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघतो ना, तसं हे आहे. फक्त कापून बघायचं कुणी सुचवलं नाही.

तारखाही बघा. मुलगी साडेपाच वर्षांची असताना पॉलिसी सुरू झाली. वीस वर्षांनी ती साडेपंचवीस वर्षांची असेल. शिक्षणाला पैसे लागतात अठराव्या वर्षी. "मुलीच्या शिक्षणासाठी" हे शब्द मामेभावाच्या तोंडचे आहेत, पॉलिसीच्या कागदावर तसं काही नाही. मला याचा राग येतो, आणि तो त्या माणसाएवढाच ही विक्री शिकवणाऱ्या पद्धतीवरही आहे. मुलीचं नाव घेतलं की बाप प्रश्न विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

आता त्याहून मोठी गोष्ट. उद्या तुम्हाला काही झालं तर घरात काय येईल? पॉलिसीचे 10 लाख. पीएफसोबतच्या ईडीएलआय विम्याचे जास्तीत जास्त 7 लाख. झाले 17. गृहकर्ज 21. म्हणजे घर वाचवायलाच चार लाख कमी. तुमच्या पीएफची शिल्लक आणि एफडी धरली तरी कर्ज फिटल्यावर उरेल त्यात 38 हजारांचा घरखर्च किती महिने चालेल, ते तुम्हीच मोजा. पॉलिसीवर 1 लाख 80 हजारांचं कर्ज असेल तर विम्याच्या रकमेतून ते आधी कापलं जातं, व्याजासकट. दहा लाखांचे सव्वाआठसुद्धा राहणार नाहीत.

गेल्या वर्षी माझ्यासमोर एक बाई बसल्या होत्या. नवरा गेलेला, तीन पॉलिसी, तिन्ही मिळून आठ लाख आणि गृहकर्ज एकोणीस. त्या एकच विचारत होत्या, इतकी वर्षं एवढे हप्ते भरले, मग एवढेच कसे? मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हाला इतक्या स्पष्टपणे लिहितोय.

टर्ममध्ये पैसे परत मिळत नाहीत, हे खरं आहे. तुमच्या मोटरसायकलच्या विम्याचेही मिळत नाहीत आणि त्याचं तुम्हाला कधी वाईट वाटत नाही. तंबाखू-सिगारेट नसेल तर तुमच्या वयाला साठीपर्यंतच्या एक कोटीच्या टर्मला वर्षाला साधारण 15 ते 20 हजार पडतात. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. एक कोटीतून कर्ज फेडलं की एकोणऐंशी लाख उरतात. सात टक्क्यांनी महिन्याला 46 हजारांच्या आसपास येतात. घर चालतं, मुलीचं शिक्षण थांबत नाही. तंबाखू खात असाल तर अर्जात तसं लिहा, हप्ता वाढला तरी चालेल. खोटं लिहिलेला विमा नेमका दाव्याच्या वेळी अडकतो.

आता पॉलिसीवरचं कर्ज. व्याज साडेनऊ टक्के धरू. 1 लाख 80 हजारांवर वर्षाचे सतरा हजार होतात. एक कोटीच्या टर्मचा हप्ता साधारण तेवढाच! जे पैसे "परत मिळत नाहीत" म्हणून टर्मला दिले नाहीत, तेवढेच हेडफोनच्या व्याजाला द्यायला तुम्ही तयार आहात, आणि व्याजही परत मिळत नाही. ज्या पैशावर पाच टक्के मिळतात, तेच पैसे तारण ठेवून साडेनऊने कर्ज घ्यायचं, यात "तुमचेच पैसे" कुठे आले?

नो-कॉस्ट ईएमआयचं थोडक्यात सांगतो. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट दाखवतो. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडे राहते. रोखीने घेतलं तर किती, एवढं विचारा. बहुतेक वेळा आकडा खाली येतो.

आणि बोनस. पॉलिसीचा एक लाखाचा हप्ता बोनसमधून जातो, असं तुम्हीच लिहिलंय. मग कर्जही त्याच बोनसमधून कसं फिटेल? तुमचा पगार कायद्याने बोनस बंधनकारक असलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे, तेव्हा तो मालकाच्या मर्जीवर आहे. गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या ऑर्डरी आटल्या की कोल्हापूरच्या फौंड्रीत आधी ओव्हरटाइम जातो, मग बोनस आखडतो. हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग पॉलिसीचं काय करायचं? चार हप्ते भरलेत, पाचवा पुढच्या महिन्यात आहे. पॉलिसी परत करण्याची मुदत तेव्हा 15 दिवसांची होती (आता 30 आहे), ती गेली. सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, तर चारातले दोन लाख हातात येतील, असं मामेभाऊच म्हणाले. ते करू नका. हप्ते थांबवून पॉलिसी पेडअप केली, तर दहातले चार हप्ते म्हणजे चाळीस टक्के या हिशोबाने मुदतीअखेर साडेआठ लाखांच्या आसपास मिळायला हवेत. आजचे दोन लाख सोळा वर्षांत चौपट होणं म्हणजे नऊ टक्के. सरेंडर करणाऱ्याला इतकं कमी देतात, म्हणूनच पेडअप ठेवणं बरं दिसतं. उरलेले सहा हप्ते भरत राहिलात तर त्या सहा लाखांवर सहा टक्क्यांच्या आसपासच सुटतात. म्हणून माझं मत पेडअपच्या बाजूने. पण कंपनीकडून सरेंडर आणि पेडअप हे दोन्ही आकडे लेखी घ्या, पाहुण्यांच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका. पेडअप रक्कम सहा लाखांच्या खाली आली तर मला पुन्हा लिहा, हिशोब बदलेल.

नात्यात वाईटपणा येईल, ही तुमची भीती मला कळते. त्यांना एवढंच सांगा की घराच्या कर्जासाठी मोठा विमा घेतोय, बोनसच्या भरवशावर जुना हप्ता चालू ठेवता येत नाही. हे खरंही आहे. दोष द्यायची गरज नाही.

आता पहिलं काम पोस्टात आहे. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची होईपर्यंतच उघडता येतं. तुमच्याकडे सहा महिनेही नाहीत. आजचा दर 8.2 टक्के. महिना पाच हजार टाकलेत तर ती अठराची होईल तेव्हा सव्वासात लाखांच्या आसपास जमतील आणि त्यातले निम्मे शिक्षणाला काढता येतील. नऊ हजारांच्या मासिक शिलकीत हे पाच आणि टर्मचे दीड हजार बसतात, बोनसला हात न लावता. आईचं वय 72 आहे, तर आयुष्मान वयवंदना कार्ड काढून घ्या. सत्तरीपुढच्या कुणालाही उत्पन्न न विचारता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं.

आता हेडफोन. ही हौस मी उधळपट्टी मानत नाही. ज्या कोल्हापुरात या घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाला होते, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब शिकवत होते, तिथल्या माणसाला ते गाणं नीट ऐकावंसं वाटणारच. पण "याची किंमत उतरत नाही, ही गुंतवणूक आहे" हे वाक्य खोडून टाका. खोकं उघडलं की किंमत उतरते. आनंदासाठी घेताय, तेवढं कारण पुरेसं आहे.

एचडी 800 एस मागून उघडे असतात. आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. शेजारच्या खोलीत टीव्ही आणि समोर मुलीचा अभ्यास, अशा घरात त्यांची निम्मी किंमत भिंतींना जाते. याच घराण्याच्या केसरबाई केरकरांच्या 78 गतीच्या तबकड्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या. तेव्हाच्या यंत्राने जे टिपलंच नाही, ते आजचा कुठलाही हेडफोन आणून देणार नाही, उलट खरखर जास्त नीट ऐकवेल. मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरीताई आमोणकरांच्या नंतरच्या ध्वनिमुद्रणांत ऐकण्यासारखं भरपूर आहे, पण ते त्याच कंपनीचे एचडी 600 सुद्धा उत्तम ऐकवतात. 1997 पासून ते बनतायत, अजून लोक घेतात. तीस हजारांच्या आसपास मिळतात. तेही 300 ओहमचे, म्हणजे चालवायला जोर लागणारे, आणि मागून उघडेच, पण दहा हजारांच्या छोट्या डॅकवर चालतात. चाळीस हजारांत काम होतं. यंदाचा बोनस आला तर त्यातून रोखीने घ्या, अजिबात अपराधी वाटून घेऊ नका.

त्याआधी एक तपासणी करा. तुम्ही पंधरा वर्षं फौंड्रीत आहात. सततच्या मोठ्या आवाजाने कानाचं नुकसान आधी 4 हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच स्वरांच्या, आसपास होतं आणि बोलणं ऐकू येत असल्यामुळे कळत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. आलेखात तिथे खड्डा दिसला तर महागड्या हेडफोनचा बारकावा तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, आणि शॉपफ्लोअरवर इअरप्लग घालणं उद्यापासून सुरू करावं लागेल.

टर्मचा अर्ज या आठवड्यात भरा. वैद्यकीय तपासणी आणि मंजुरीला काही आठवडे जातात. वार्षिक हप्त्याला तारखेनंतर 30 दिवसांची सवलत असते आणि त्या काळात जुना विमा चालू राहतो, तेवढा वेळ हाताशी आहे. पेडअप केल्यावर जुन्या पॉलिसीचं दहा लाखांचं संरक्षण चारावर येतं. म्हणून टर्मची पॉलिसी प्रत्यक्ष हातात पडल्याशिवाय जुना हप्ता थांबवू नका.