दोन्ही गुडघे एकदम की एकेक?

सांधेरोपणावर लिहिलं की त्याच त्या शंका पुन्हा पत्रातून येतात, आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं: दोन्ही गुडघे गेलेत, तर दोन्ही एकदमच बदलावेत का? त्यातल्या काहींना इथे उत्तरं देतो. पेशंट न तपासता शेवटचा शब्द मी देऊ शकत नाही, हे प्रत्येक उत्तराला लागू आहे.

माझ्या दोन्ही वाट्या बदलायला सांगितल्यात. नवी वाटी कशाची असते? (कराड)

वाटी बदलत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं काही मिलिमीटर कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती घालतात. वाटी तुमचीच राहते, फार तर तिला आतून प्लास्टिकचं अस्तर लावतात.

वय ५९, निवृत्त शिक्षक. दोन्ही पाय वाकलेत, सरळ होत नाहीत. बीपी, शुगर काही नाही. सर्जन दोन्ही एकदम करा म्हणतात, शेजारी म्हणतात एकदम कधीच करू नका. (सांगली)

शेजाऱ्यांनी तुमचे पाय तपासलेले नाहीत, सर्जनने तपासलेत. दोन्ही गुडघे वाकून आखडले असतील आणि एकच सरळ केला, तर तो पाय दुसऱ्यापेक्षा लांब वाटतो. मग माणूस नवा गुडघाही वाकवूनच चालतो आणि तो पुन्हा आखडायला लागतो. अशा वेळी दोन्ही एकदम किंवा थोड्याच अंतराने करणं योग्य ठरतं. भूल एकदाच, मुक्काम एकदाच, खर्चही कमी. मात्र फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ या दोघांनी हिरवा कंदील दाखवायला हवा. घरात कमोड आणि पहिले दोन-तीन आठवडे रात्रंदिवस सोबतीला माणूस हवा, कारण भार टाकायला 'चांगला पाय' उरलेलाच नसतो.

मी न्यू जर्सीत असतो. आई ठाण्यात, वय ७४, मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. डिसेंबरात मला तीन आठवडे रजा आहे. तेवढ्यात दोन्ही गुडघे उरकता येतील का?

माझं उत्तर नको असं आहे. आईची शस्त्रक्रिया तुमच्या रजेच्या मापाने बेतू नका. तुमची ओढ मला समजते, पण 'उरकणं' हा शब्द या बाबतीत ऐकला की मला धास्ती वाटते.

गुडघा बदलताना हाडाच्या पोकळीतली चरबी आणि मज्जा यांचे कण रक्तात शिरतात, हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसांत पोचतात. निरोगी माणूस ते बहुधा निभावून नेतो. एकाच वेळी दोन गुडघे केले की हा भार वाढतो, रक्तस्राव वाढतो, रक्त चढवावं लागण्याची शक्यता वाढते. आधीच झिजलेल्या हृदयाला हे झेपेलच असं नाही. उतारवयात शस्त्रक्रियेनंतर काही दिवस भ्रम होतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही, तोही धोका असतो. गुडघ्याचं दुखणं जीव घेत नाही. घाईत केलेली शस्त्रक्रिया घेऊ शकते.

म्हणून कामाला आजच लागा, डिसेंबरात नव्हे. आधी हृदयरोगतज्ज्ञांकडून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि त्यांना वाटेल त्या तपासण्या करून घ्या. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी आणि किती दिवस थांबवायच्या, की थांबवायच्याच नाहीत, हे तेच सांगतील. स्वतःच्या मनाने, किंवा कुणी फोनवर सांगितलं म्हणून, एकही गोळी बंद करू नका. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साडेसात-आठच्या आत आणायला बहुतेक सर्जन सांगतात. साखर वाढलेली असताना सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर बसवलेला सांधा काढायची पाळी येते. किडलेला दात, लघवीचा संसर्ग, टाचेच्या भेगांतली जखम, सगळं आधी बरं व्हायला हवं. याला आठवडे लागतात.

हे जमलं तर जास्त दुखणारा एक गुडघा करा, तोही अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात. आणि तुम्ही विमानात बसाल तेव्हा आईचा व्यायाम जेमतेम सुरू झालेला असेल. पुढचे दोन महिने तो कोण करून घेणार, हे तिकीट काढण्याआधी ठरवा.

दुखतो फक्त उजवा. शिबिरात एक्सरे काढून सांगितलं, दोन्ही खराब आहेत, आत्ता दोन्ही केलेत तर पॅकेजमध्ये दुसऱ्यावर सवलत. (नाशिक)

शस्त्रक्रिया माणसाची करायची असते, एक्सरेची नाही. डावा चालवतो, जिना चढवतो, रात्री झोपू देतो, तर त्याला हात लावू नका. सवलतीसाठी कुणी चांगला दात उपटून घेतो का? गुडघ्याच्या इम्प्लांटची, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याची, कमाल किंमत केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये बांधून दिली आहे, त्यामुळे बिलात इम्प्लांटचं नाव आणि किंमत वेगळी मागा. आणि शिबिराशी संबंध नसलेल्या सर्जनचं दुसरं मत घ्या.

रोबोने केलं तर हृदयरोग असूनही दोन्ही एकदम चालतील ना? (पुणे)

नाही. रोबो हाड अचूक कापायला मदत करतो, हृदयाची ताकद वाढवत नाही.

एकेक करायचे तर मध्ये किती दिवस? (रत्नागिरी)

साधारण सहा आठवडे ते तीन महिने, तब्येतीप्रमाणे जास्तही. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईत ऑक्टोबर २००० मध्ये बदलला आणि उजवा जून २००१ मध्ये. पंतप्रधानपदावर असताना त्यांनी आठ महिने मध्ये जाऊ दिले. तुम्हालाही घाई नाही.

उजवा पुढच्या महिन्यात बदलायचा ठरलाय. तोवर आराम पडावा म्हणून त्यातच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेऊ का? (लातूर)

घेऊ नका. इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत त्याच गुडघ्याची शस्त्रक्रिया केली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आधीच घेतलं असेल तर त्याची तारीख सर्जनला सांगा, मग शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली तरी चालेल.