पुण्यात वर्षभर गोल्फ शिकलोय, कुठल्या क्लबाचा सभासद नाही. स्कॉटलंडमधल्या एखाद्या जुन्या सार्वजनिक मैदानावर मला खेळू देतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निवृत्तीनंतर येरवड्याकडे जाऊन वर्षभर गोल्फ शिकलात, हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या अधिकृत आकड्याचा) कागद नाही, सप्टेंबरात लेकीकडे एडिनबराला महिनाभर मुक्काम आहे, आणि ‘फोटो काढण्यापुरतं नाही, खरंच जुन्या जागी’ एकदा खेळायचंय.

देतात हो. कोण, कुठले, कुणाच्या ओळखीने आलात, काही विचारत नाहीत. आपल्याकडे महापालिकेच्या पोहण्याच्या तलावावर पावती फाडतात आणि आत सोडतात ना, तसंच. गोल्फ म्हटलं की आपल्याला फाटक, वॉचमन आणि सभासदत्वाची रक्कम आठवते, कारण इकडे तो साहेबाबरोबर आला आणि साहेबाच्याच क्लबात राहिला. तिकडे तो गावच्या समुद्रकाठच्या पडीक जमिनीवर वाढला. ती जमीन गावाची, त्यामुळे आजही कितीतरी मैदानं नगरपालिकेच्या ताब्यात आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याच अवस्थेत गेलो होतो. तेव्हा प्रत्येकाने एकच नाव सांगितलं, सेंट अँड्र्यूज. तेही सार्वजनिकच. 1552 च्या सनदेत तिथल्या लोकांचा त्या जमिनीवर गोल्फ खेळायचा हक्क नोंदवलाय. पण तिथल्या ओल्ड कोर्सवर हँडिकॅपचा पुरावा लागतो आणि वर चिठ्ठीत नाव निघावं लागतं. तुम्ही तिथे रविवारी जा. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि गावातली माणसं कुत्री घेऊन खुशाल फेअरवेवरून, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, फिरतात. आपणही फिरायचं, तिथल्या प्रसिद्ध दगडी पुलावर उभं राहायचं, झालं. शेजारी उंचसखल गवताचं एक पटिंगचं, म्हणजे चेंडू हळूच ढकलून भोकात घालायचं, मैदान आहे, त्याला ‘हिमालय’ म्हणतात. ते 1867 सालच्या बायकांच्या क्लबाचं, पण बाहेरच्यांनाही थोडे पैसे देऊन खेळता येतं. नाव ऐकून मला हसू आलं. पर्वतीएवढीही उंची नाही.

खेळायला मात्र मसलबराला जा. मसलबर्ग नव्हे, एडिनबरासारखंच मसलबरा. एडिनबरापासून दहाएक किलोमीटर पूर्वेला, समुद्राला लागून. तिथलं ओल्ड कोर्स नऊ होलचं, पार 34 (म्हणजे चांगल्या खेळाडूला सगळे मिळून तेवढे फटके लागावेत), मालकी ईस्ट लोथियन कौन्सिलची.

पुण्याच्या रेसकोर्सवर सकाळी फिरायला गेला असाल तर मैदानाचं चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. घोड्यांचा लंबगोल ट्रॅक, कडेने पांढरे कठडे, आणि मधल्या मोकळ्या जागेत गोल्फ. आपलं रेसकोर्स 1830 चं. मसलबराचे घोडे 1816 मध्ये एडिनबराजवळच्या लीथच्या वाळूवरून तिथे आले. त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षं तिथे गोल्फ चालू होतं. वाड्यात राहिलेल्याला हे लगेच समजेल: भाडेकरू उशिरा आला आणि दर्शनी खोल्या घेऊन बसला.

मी पहिल्यांदा गेलो तो नेमका शर्यतीच्या दिवशी. त्या दिवशी गोल्फ बंद. ‘बाबा, रेसच्या तारखा बघून जा’ असं लेक दोनदा म्हणाली होती. मी म्हटलं, पावसाळा कुठे आहे? आपल्याकडे रेस पावसाळ्यात, म्हणून सगळीकडे पावसाळ्यातच असणार असं माझ्या डोक्यात. तिकडे वर्षभर चालू असतात. टोप्या घातलेल्या बायकांच्या घोळक्यातून गोल्फचे बूट पिशवीत घेऊन परत आलो. लेकीने काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

दुसऱ्या वेळी तारीख बघून गेलो. एकटाच होतो, तर काउंटरवरच्या माणसाने दोन म्हाताऱ्यांबरोबर घालून दिलं. एक निवृत्त पोस्टमन, दुसरा त्याचा मेहुणा. आणि इथे मी आयुष्यात केलेली शहाणपणाची एक गोष्ट: तिथे जुन्या पद्धतीच्या, हिकरी नावाच्या लाकडाच्या काठ्या भाड्याने मिळतात, त्या घेतल्या.

पातळ कापडी पिशवीत सहाच काठ्या. आकडे नाहीत, नावं आहेत: मॅशी, निब्लिक, ब्रॅसी. लाकडी दांडा, मुठीला काळं पडलेलं चामडं, आणि दांडा जिथे लोखंडात शिरतो तिथे डांबरी दोऱ्याचे घट्ट वेढे, आपण बॅटच्या मुठीला गुंडाळायचो तसे. पहिला फटका मी येरवड्याच्या सवयीने ताकद लावून मारला. दांडा हातात पिळला, चेंडू तीस यार्ड गेला आणि झिणझिण्या कोपरापर्यंत आल्या. पोस्टमन म्हणाला, ‘घाई करू नका, काठीला मागून यायला वेळ द्या.’ तिसऱ्या होलला जमलं. लाकूड किंचित वाकतं, मागे राहतं, आणि मग चेंडूपाशी येऊन सुटतं. चेंडू मधोमध बसला की हाताला काही जाणवतच नाही, नुसता टक् असा आवाज. विटीदांडूत विटी नीट बसल्यावर व्हायचा तसा. असे फटके नऊ होलमध्ये मला चार मिळाले, पण ते चार मी अजून सांगू शकतो.

यातली ब्रॅसी म्हणजे तळाला पितळी पत्रा मारलेली काठी. मैदानाच्या कडेने रस्ता जातो, त्यावर पडलेला चेंडू तिथूनच मारावा लागायचा, लाकूड झिजायचं, म्हणून पत्रा, असं तिथले लोक सांगतात. मी रस्त्यावर चेंडू घालवून खात्री करून घेतली नाही.

होलांनाही नावं आहेत. दुसऱ्याचं नाव ‘द ग्रेव्ह्ज’, म्हणजे थडगी. 1547 मध्ये इथे जवळच पिंकीची लढाई झाली, तिच्यातले मेलेले सैनिक इथे पुरले म्हणतात. एक ‘द गॅस’, जुन्या गॅस कारखान्यावरून. चौथ्याचं ‘मिसेस फॉर्मन्स’. या बाईंची खानावळ ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, लागूनच होती, आणि खेळणाऱ्यांना भिंतीतल्या खिडकीतून पेला मिळायचा. खेळ अर्धवट टाकून आत जायची गरज नाही. ही सोय पुण्यात का सुचली नाही, कळत नाही.

जुनेपणाचा पुरावा म्हणाल तर तो एका हिशेबाच्या वहीत आहे. सर जॉन फौलिस नावाच्या गृहस्थांनी 2 मार्च 1672 ला मसलबराला गोल्फमध्ये हरलेले पैसे लिहून ठेवलेत. हरलेले पैसे तारखेनिशी लिहिणारा माणूस मला थेट सदाशिव पेठेतला वाटला. स्कॉटलंडची मेरी राणी 1567 मध्ये इथे खेळली अशीही एक गोष्ट सांगतात, ती नुसती ऐकून घ्यावी.

पण मला भावलेली नोंद वेगळीच. डिसेंबर 1810 मध्ये इथल्या क्लबाने ठराव केला की गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांची गोल्फची स्पर्धा घ्यायची. बक्षीस काय, तर माशांची नवी टोपली आणि शाल, शिवाय रेशमी रुमाल. या बायका माशांच्या जड टोपल्या पाठीवर घेऊन मसलबराहून एडिनबराला चालत जायच्या. मंडईतल्या आपल्या मासेवाल्या मावशींच्या हातात मॅशी देऊन बघा. खांद्यातली ती ताकद आणि तोंडाचा तो पट्टा, दोन्ही गोल्फला उपयोगी. बायकांच्या गोल्फ स्पर्धेची ही सगळ्यात जुनी नोंद समजतात. आणि ती कुठल्या सरदाराच्या मुलीची नाही, कोळणींची आहे.

तुम्ही येरवड्याला ज्या भोकात चेंडू घालता ना, त्याचं मापही इथलंच. सव्वाचार इंच. 1829 मध्ये इथल्या क्लबाने भोक पाडायचं यंत्र करून घेतलं, त्याचा व्यास तेवढा होता, आणि 1890 च्या दशकात तेच माप सगळीकडे लागू झालं. त्याआधी जो तो आपल्या मर्जीने खणायचा. त्याच 1829 मध्ये कलकत्त्याला गोल्फ क्लब निघाला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. हे मी पोस्टमनला ऐकवलं. त्याला ठाऊक नव्हतं. मग मी बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियमही पुण्यातच झाले हे सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘बरं.’ मेहुण्याने तेवढंही म्हटलं नाही.

1874 ते 1889 या काळात ओपन, म्हणजे गोल्फची ब्रिटनमधली मोठी स्पर्धा, इथे सहा वेळा झाली. नऊ होलच्या चार फेऱ्या एकाच दिवशी. 1886 ला जिंकला डेव्हिड ब्राउन, पेशाने छपरावर पाट्या बसवणारा कारागीर. 1889 ची स्पर्धा नोव्हेंबरात होती. तिकडे नोव्हेंबरात चारला अंधारतं, त्यामुळे शेवटचे खेळाडू अंधारात चाचपडत पोचले. त्या ओपनमध्ये अँड्र्यू कर्कल्डीचा चेंडू एका ग्रीनवर भोकापासून इंचभर राहिला. त्याने सहज म्हणून एका हाताने ढकलायला काठी नेली, ती चेंडूला लागलीच नाही. फटका मोजला गेला. शेवटी विली पार्क ज्युनिअरशी बरोबरी झाली आणि 36 होलच्या फेरलढतीत कर्कल्डी हरला.

ही गोष्ट मला पाचव्या ग्रीनवर समजली, कारण मी वीतभर राहिलेला चेंडू ‘दिला ना?’ म्हणत उचलायला वाकलो होतो. पुण्यात आपण एकमेकांना असे हातभर लांबचे पट (भोकात ढकलायचे शेवटचे फटके) न मारताच सोडतो आणि वर सत्तरीतला स्कोर सांगतो. मेहुणा, जो तोवर एक अक्षर बोलला नव्हता, तो म्हणाला, ‘इथे नाही.’ आणि मग पोस्टमनने कर्कल्डी सांगितला. सरळ उभा राहून दोन्ही हातांनी घातला. माझे नऊ होलचे 63 झाले, एकही सूट न घेता.

मैदान दिसायला साधं आहे, हे आधीच सांगतो. सपाट, झाडं जवळपास नाहीत, मधे कुणीतरी ट्रॅकच्या कडेने फिरत असतं. फाइव्ह स्टार हिरवळ बघायची सवय असेल तर पहिल्या होलला ‘एवढंच?’ असं वाटेल. सगळा खेळ वाऱ्याशी आहे. समुद्राकडून वारा आला की निब्लिकचा उंच फटका परत आपल्याकडे बघू लागतो. जमीन कडक, म्हणून चेंडू खालून पळवायचा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सुकलेल्या फेअरवेवर जसे खेळतो तसे. आपल्याला त्याची सवय आहे, तेवढा एक फायदा.

एडिनबरात आणखी दोन जागा आहेत. ब्रंट्सफील्ड लिंक्स शहराच्या मधोमध, छोट्या होलचं, फुकट. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथे हात मोकळा करा, आजूबाजूला पोरं फुटबॉल खेळत असतात, कुणी बघत नाही. दुसरं ब्रेड हिल्स. ब्रंट्सफील्डवर गर्दी मावेना तेव्हा शहराच्या कौन्सिलने ही टेकडी घेतली आणि 1889 मध्ये तिथे मैदान सुरू केलं. वरून किल्ला, समुद्र सगळं दिसतं. पण चढ आहे, आणि काटेरी पिवळ्या झुडपात गेलेला चेंडू विसरायचा. माझे पाच गेले. गुडघे कुरकुरत असतील तर नका जाऊ.

मसलबराला एडिनबराहून बस घ्या, रेल्वे नको. स्टेशन गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथून पिशवी घेऊन चालावं लागतं. वारा अडवणारं जाकीट न्या, सप्टेंबरातही. इथून गोल्फचा संच नेऊ नका, विमानात वजनाचे पैसे जातील आणि तिथे गेल्यावर हिकरीच घ्यायची आहे. मात्र ती हवी म्हणून एक-दोन दिवस आधी फोन करून सांगून ठेवा. आणि त्याच फोनवर त्या दिवशी घोडे नाहीत ना, हेही विचारा.